आतला आयपी की बाहेरचा? आधी विचारणारा कुठे बसलाय ते बघा

गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका मुलीला तिच्या पुण्याच्या कंपनीतून मेल आला. घरून काम करायचं असेल तर तुमचा आयपी, म्हणजे जाळ्यावरचा तुमच्या संगणकाचा आकडी पत्ता कळवा, सर्व्हरवर नोंदवून घेतो. तिने इमानदारीत कमांड चालवली, दिसला तो आकडा उतरवला आणि पाठवून दिला: १९२.१६८.१.७. तिकडच्या माणसानेही डोळे झाकून तो नोंदवला. मग दोन दिवस दोघांची शोधाशोध. आकडा बरोबर, संगणक तिचाच, तरी दार उघडेना. या घडीला महाराष्ट्रात किती घरांत १९२.१६८.१.७ नांदत असेल देव जाणे. माझ्या घरी तो प्रिंटरचा आहे.

मी सांगली-कराड पट्ट्यात दुकानांची आणि छोट्या ऑफिसांची संगणकाची कामं करतो. "आयपी सांगा म्हणतायत, कुठला सांगू?" हा फोन मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: विचारतंय कोण? विचारणारा तुमच्याच राउटरला (घरात वाय-फाय देणाऱ्या डब्याला) जोडलेला असेल, म्हणजे प्रिंटर, टॅली, शेजारच्या खोलीतला लॅपटॉप, तर त्याला आतला पत्ता द्यायचा. विचारणारा इंटरनेटवरून येणार असेल तर बाहेरचा. निम्मी भांडणं इथेच मिटतात. उरलेल्या निम्म्यांत एक तिसरा आकडा लपलेला असतो, त्याच्याकडे पुढे येतो.

दोन्ही आकडे एका टेबलावर

हे लिहितोय तेव्हा माझ्या लॅपटॉपला विचारलं तर तो म्हणतो १९२.१६८.१.४. फोन वाय-फायवर आहे, तो म्हणतो १९२.१६८.१.९. आणि दोन्हीवरून 'माझा आयपी काय' सांगणारी वेबसाइट उघडली तर दोन्हीकडे एकच उत्तर: २०३.०.११३.४५. (हा शेवटचा आकडा माझा खरा नाही. २०३.०.११३ची ही पट्टी पुस्तकांत आणि लेखांत उदाहरणं देण्यासाठीच राखून ठेवलेली आहे. खरा बाहेरचा आयपी गावभर छापू नये, एवढं मलाही कळतं.)

जुन्या पत्रांवर 'द्वारा' लिहायचे, तसा हा कारभार आहे. पोस्टमनला माहीत फक्त घरमालकाचं नाव, आतल्या बिऱ्हाडापर्यंत पत्र पोचवणं घरमालकाचं काम. राउटर हा तो घरमालक. तुमच्या संगणकातून निघालेल्या प्रत्येक मागणीवर तो स्वतःचा पत्ता घालतो, कुणाची मागणी होती ते वहीत टिपतो आणि उत्तर आलं की वही बघून आत देतो. मात्र बाहेरून कुणी न बोलावता आलं, तर वहीत नोंद नसल्यामुळे राउटर त्याला दारातूनच परत पाठवतो. सीसीटीव्ही घरून का दिसत नाही, याचं मूळ या वहीत आहे.

आतला पत्ता ओळखायला सोपा आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये ठरलेल्या नियमानुसार खासगी जाळ्यांसाठी तीन पट्ट्या मोकळ्या ठेवल्या: १०ने सुरू होणारी, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८. यातला कुठलाही आकडा इंटरनेटवर चालत नाही, म्हणूनच घरोघरी तेच आकडे बिनधास्त वापरता येतात. १७२च्या बाबतीत जरा जपून. १७२.२० आतला, पण १७२.३२ बाहेरचा. भल्याभल्यांची इथे गफलत होते.

आतला शोधायचा तर: सेटिंग्ज की कमांड?

विंडोज ११वर सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात वाय-फाय, त्यात जोडलेल्या नेटवर्कची प्रॉपर्टीज. पान खाली सरकवलं की आयपीव्ही४चा, म्हणजे वर बघितलेल्या चार आकड्यांच्या पद्धतीचा, पत्ता दिसतो. फोनवरून एखाद्या वयस्क गृहस्थांना सांगायचं असेल तर मी हाच रस्ता धरतो, कारण त्यात चुकायला जागा कमी. ज्या जोडणीचं पान उघडलं तिचाच पत्ता दिसतो.

कमांडचा रस्ता जलद आहे. विंडोजची कळ आणि आर, मग सीएमडी (कमांड टाइप करायची काळी खिडकी), मग आयपीकॉन्फिग, सगळं जोडून. एका सेकंदात उत्तर. पण उत्तर एक नसतं, पाच असतात. मागच्या आठवड्यात एका सीए ऑफिसात बघितलं. पडद्यावर क्रमाने १९२.१६८.५६.१, मग १७२.२२ने सुरू होणारा एक, मग दोन ठिकाणी 'मीडिया डिसकनेक्टेड' आणि सगळ्यात खाली १९२.१६८.०.१२. तिथल्या मुलाने वरचा पहिला उचलून प्रिंटरच्या सेटिंगमध्ये टाकला होता. १९२.१६८.५६.१ हा व्हर्च्युअलबॉक्स नावाच्या सॉफ्टवेअरने तयार केलेल्या नकली जाळ्याचा ठरलेला पत्ता. खऱ्या वायरशी त्याचा संबंध नाही.

खूण एकच: ज्या गटात 'डिफॉल्ट गेटवे'समोर आकडा भरलेला आहे, तो गट खरा. बाकीच्यांसमोर ती जागा सहसा कोरी असते. ही एक ओळ बघायची सवय लागली की सेटिंग्जपेक्षा कमांड बरी, कारण गेटवे म्हणजे राउटरचा पत्ताही त्याच पडद्यावर मिळतो आणि पुढे तो लागणारच असतो.

आकडा १६९.२५४ने सुरू झाला तर शोध तिथेच थांबवा. राउटरकडून पत्ता मिळाला नाही, म्हणून संगणकाने स्वतःच काहीतरी लावून घेतलंय असा त्याचा अर्थ. वायर बघा, राउटर बघा. १२७.०.०.१ दिसला तर तो संगणकाचा स्वतःशीच बोलायचा पत्ता, तो कुणालाही देऊन उपयोग नाही.

मॅकवाल्यांचं सोपं आहे. ऑप्शन कळ दाबून वरच्या पट्टीतल्या वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की पत्ता समोर. लिनक्सवर 'होस्टनेम', जागा, डॅश आणि मोठा आय. आयफोनवर वाय-फायच्या नावाशेजारचं 'आय'चं वर्तुळ, अँड्रॉइडवर त्याच जागी दातेरी चाक.

बाहेरचा शोधायचा तर: वेबसाइट, कमांड, राउटर

बाहेरच्या पत्त्याची गंमत अशी की तुमच्या संगणकाला तो माहीतच नसतो. आरशाशिवाय स्वतःच्या कपाळावरचा टिळा दिसत नाही तसं. बाहेरच्या कुणाला तरी विचारावं लागतं. अपवाद एक: केबलवाल्याची वायर थेट संगणकात घालून डायलरने जोडायची जुनी पद्धत काही गावांत अजून आहे. तिथे आयपीकॉन्फिगमध्ये पीपीपी नावाच्या गटात, जोडणी देणाऱ्याने दिलेला पत्ता दिसतो.

सगळ्यात प्रचलित रस्ता म्हणजे गूगलवर इंग्रजीत 'व्हॉट इज माय आयपी' टाकणं किंवा तसली एखादी वेबसाइट उघडणं. घरच्या माणसाला हे पुरतं. पण तीन ठिकाणी हे उत्तर फसवं निघतं. व्हीपीएन, म्हणजे तुमची ये-जा दुसऱ्याच्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय, चालू असेल तर व्हीपीएनवाल्याचा पत्ता दिसतो. फोन मोबाईल डेटावर असेल तर मोबाईल कंपनीचा दिसतो, आणि लोक नेमकं फोनवर बघून ऑफिसच्या ब्रॉडबँडचा पत्ता म्हणून पाठवतात. तिसरं म्हणजे आकड्यांच्या जागी अक्षरं आणि विसर्गचिन्हांची लांबलचक माळ आली तर तो आयपीव्ही६चा, म्हणजे नव्या पद्धतीचा पत्ता. नोंदवणाऱ्याला आयपीव्ही४ हवा असेल तर तो त्याच्या फॉर्ममध्ये बसणारच नाही.

मला कमांड जास्त आवडते. विंडोज १०च्या २०१८च्या आवृत्तीपासून कर्ल नावाचं साधन सोबतच येतं. सीएमडीत कर्ल, जागा, डॅश ४, जागा, आयएफकॉन्फिग डॉट मी. फक्त आकडा येतो. जाहिरात नाही, नकाशा नाही, 'तुमचा आयपी उघडा पडलाय, आमचं व्हीपीएन घ्या' ही भीती नाही. डॅश ४मुळे उत्तर आयपीव्ही४मध्येच येतं. एक खाच मात्र आहे. विंडोजच्या मूळच्या पॉवरशेल नावाच्या दुसऱ्या कमांड खिडकीत कर्ल या नावाने वेगळंच काहीतरी चालतं आणि डॅश ४ दिला की लाल अक्षरांत तक्रार येते. घाबरू नका, काळ्या सीएमडीत जा.

त्या वेबसाइटींवरचा नकाशाही मनावर घेऊ नका. मी कराडात बसलेला असताना मला कधी मुंबईत, कधी पुण्यात दाखवतात. तो पत्ता कंपनीने कुठे नोंदवलाय यावर आणि अंदाजावर ते चालतं. तुमच्या गल्लीशी त्याचं नातं नसतं.

तिसरा रस्ता राउटरचा. ब्राउझरमध्ये गेटवेचा आकडा टाका, राउटरचा पासवर्ड द्या आणि 'वॅन' किंवा 'इंटरनेट स्टेटस' असं काही लिहिलेलं पान शोधा. तिथे राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता असतो. तिघांत हा सगळ्यात कटकटीचा. प्रत्येक राउटरचं पान वेगळं, पासवर्ड बसवायला आलेल्या मुलालाच माहीत. तरीही काही कामांत हा टाळून चालत नाही. ते मी तात्यांच्या दुकानात शिकलो.

तात्यांचा डीव्हीआर आणि तिसरा आकडा

तात्यांचं कराडला हार्डवेअरचं दुकान. चार कॅमेरे, त्यांचं चित्रण साठवणारा एक जुना डबा, म्हणजे डीव्हीआर. "अरे, घरी बसून टीव्हीवर दुकान दिसलं पाहिजे, एवढं करून दे," म्हणाले. मी म्हटलं, "तात्या, तासाभराचं काम आहे, तुम्ही चहा सांगा." डीव्हीआरचा आतला पत्ता पक्का केला, राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायचं नंबर असलेलं दार) उघडून डीव्हीआरकडे वळवला, वेबसाइटवरून बाहेरचा पत्ता काढला, तो तात्यांच्या घरच्या टीव्हीत घातला. काळा पडदा. पोर्ट बदलला. काळा. डीव्हीआर बंद-चालू केला. काळा. इंटरनेट देणाऱ्या कंपनीला फोन लावला तर तिकडची बाई तीनदा एकच म्हणाली, "सर, राउटर रीस्टार्ट करून बघा." दुपार गेली, तिसरा चहा झाला.

संध्याकाळी सहज राउटरचं वॅनचं पान उघडलं. वेबसाइट सांगत होती तो आकडा तिथे नव्हताच. तिथे होतं १००.७२ने सुरू होणारं काहीतरी. म्हणजे ज्याला मी घरमालक समजत होतो, तोही पोटभाडेकरू निघाला.

झालंय असं. आयपीव्ही४मध्ये एकूण पत्तेच साधारण ४२९ कोटी. ३ फेब्रुवारी २०११ला जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे पाच मोठे गठ्ठे वाटून झाले, आणि आपल्या आशिया-पॅसिफिक भागाच्या साठ्याने त्याच वर्षी एप्रिलमध्ये हात आखडता घेतला. नवीन गिऱ्हाइकं तर येतच होती. मग कंपन्यांनी काय केलं, तर राउटरच्या वर आणखी एक मोठा राउटर बसवला आणि एका बाहेरच्या पत्त्यावर अनेक घरं कोंबली. या मधल्या मजल्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये वेगळी पट्टी राखून दिली गेली: १००.६४ ते १००.१२७. तांत्रिक लोक याला सीजीनॅट म्हणतात. तुमच्या राउटरवर पोर्ट उघडून काही होत नाही, कारण पाहुणा वरच्या मजल्यावरच अडतो, आणि ती वही तुमच्या हातात नाही.

तेव्हापासून बाहेरून आत यायचं कुठलंही काम असेल तर मी आधी दोन आकडे शेजारी शेजारी लिहितो: वेबसाइटवरचा आणि राउटरच्या वॅन पानावरचा. दोन्ही सारखे असतील तर पोर्ट उघडायच्या उद्योगाला लागा. राउटरवर १००.६४ ते १००.१२७ मधला किंवा १०ने सुरू होणारा आकडा असेल तर एक मिनिटही घालवू नका, आधी कंपनीशी बोला. राउटरवर १९२.१६८ दिसला तर बहुतेक वेळा दोष घरातलाच असतो. कंपनीचा एक डबा आणि तुम्ही हौसेने घेतलेला दुसरा राउटर एकामागे एक लागलेत. हे आपलं आपल्याला निस्तरता येतं, दोघांपैकी एकाला नुसता ब्रिज करून, म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद करून.

मग कुणी काय घ्यावं?

प्रिंटर, टॅलीची एकाच ऑफिसातली जोडणी, शेअर केलेलं फोल्डर, टीव्हीवर फोटो दाखवणं: आतला पत्ता, प्रश्नच नाही. इथे निर्णय फक्त तो पक्का कसा करायचा याचा. आतले पत्ते राउटर भाड्याने देतो, मुदत संपली की बदलू शकतो. म्हणून सोमवारी चालणारा प्रिंटर गुरुवारी रुसतो. संगणकात हाताने आकडा बसवण्यापेक्षा राउटरमध्ये त्या यंत्राच्या नावे आकडा राखून ठेवणं मला जास्त भरवशाचं वाटतं. हाताने बसवलेला आकडा राउटर दुसऱ्याला देऊन बसला तर दोन यंत्रं एकाच पत्त्यावर भांडतात. शिवाय तो लॅपटॉप घरी नेला की तिथे इंटरनेट चालत नाही आणि रात्री फोन मला येतो. फोनसाठी राखताना एवढं बघा की अँड्रॉइड आणि आयफोन वाय-फायला स्वतःची खरी ओळख न सांगता बनावट ओळख सांगतात. त्या नेटवर्कपुरतं ते बंद करा किंवा तीच ओळख कायम राहील असं ठेवा.

कंपनीच्या किंवा बँकेच्या सर्व्हरवर नाव नोंदवायचं असेल तर बाहेरचा पत्ता, आणि तोही न बदलणारा. शेअर बाजारात स्वतःचा प्रोग्रॅम लिहून ब्रोकरच्या एपीआयने (प्रोग्रॅमला थेट ब्रोकरशी बोलू देणाऱ्या सोयीने) ऑर्डर टाकणारी मुलं हल्ली बरीच विचारतात. सेबीच्या ४ फेब्रुवारी २०२५च्या परिपत्रकात एपीआयसाठी ब्रोकरकडे स्थिर आयपी नोंदवायची अट आहे. तिथे साधं घरगुती कनेक्शन पुरत नाही. आज नोंदवलेला आकडा राउटर बंद-चालू झाल्यावर बदलेल, आणि सीजीनॅट असेल तर तो तुमच्या एकट्याचा नसेलच. कंपनीकडून महिन्याला पैसे भरून स्थिर आयपी घ्या, नाहीतर भाड्याचा छोटा सर्व्हर घेऊन प्रोग्रॅम तिथे चालवा. वीज जाण्याचा हिशेब धरला तर मी दुसरा पर्याय निवडेन.

कॅमेऱ्यांसाठी मात्र स्थिर आयपी घ्यायला मी आता क्वचितच सांगतो. दोन आकडे सारखे असतील, फक्त अधूनमधून बदलत असतील, तर डीडीएनएस पुरतं. म्हणजे बदलत्या आकड्यावर एक कायमचं नाव चिकटवणं. सीजीनॅट असेल तर डीडीएनएस निरुपयोगी, तिथे कॅमेरा कंपनीच्या अ‍ॅपची मधली सेवा वापरा. डीव्हीआर स्वतः आतून बाहेर जोडणी करतो, त्यामुळे वहीत नोंद होते आणि पाहुण्याला दार उघडं मिळतं. यात तुमचं चित्रण दुसऱ्याच्या सर्व्हरशी जोडलं जातं, हे ज्याला खटकतं त्याने स्वतःचं व्हीपीएन उभारावं. पण उघड्या पोर्टवर मूळचाच पासवर्ड ठेवलेल्या डीव्हीआरपेक्षा अ‍ॅप कधीही बरं.

आयपीव्ही६चं काय, असं चौकस वाचक विचारणार. तिथे ही आत-बाहेरची भानगडच मुळात उरत नाही. प्रत्येक यंत्राला थेट जगात चालणारा पत्ता मिळतो. जिओने २०१६ मध्ये धंदा सुरू केला तेव्हापासून त्यांचं जाळं आयपीव्ही६वर भर देतं, म्हणून भारतात त्याचा वापर जगाच्या मानाने जास्त आहे. आयपीकॉन्फिगमध्ये २ने सुरू होणारी लांब माळ दिसली तर वेबसाइटवरही तीच किंवा तिची जुळी बहीण दिसेल. जुळी यासाठी, की खासगीपणा जपायला विंडोज रोजच्या वापराला एक तात्पुरता पत्ता काढतं आणि काही काळाने टाकून देतं. एफई८०ने सुरू होणारी माळ मात्र फक्त घरापुरती, ती कुणाला पाठवू नका. एवढं सगळं असूनही छोट्या ऑफिसांच्या कामात मी आयपीव्ही६वर अजून विसंबत नाही. समोरच्या टोकाला जुना डीव्हीआर किंवा जुनं सॉफ्टवेअर असतंच असतं.

तात्यांचं शेवटी अ‍ॅपवर भागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन: "दिसतंय रे दुकान. पण तो पोऱ्या नऊला यायचा, साडेनऊ झाले तरी शटर खालीच आहे." ते मात्र कुठल्याच आयपीने सुटण्यासारखं नव्हतं.

आणि त्या पुण्याच्या कंपनीवालीचं? तिला मी सांगितलं, व्हीपीएन बंद कर, फोनवरून नको, ज्या संगणकावर काम करणार त्यावरूनच सीएमडीत कर्ल चालव आणि मेलमध्ये तीन ओळी लिही: बाहेरचा आकडा, कुठल्या कनेक्शनवरून आणि किती वाजता बघितला ते, आणि तो स्थिर आहे की नाही. तिसऱ्या ओळीत तिने 'नाही' लिहिलं. त्यावर तिकडून तासाभरात उत्तर आलं, मग आम्हीच तुम्हाला व्हीपीएन देतो.